दुष्काळी भागात पाण्याचं काम शिकायचंय? मग मोजण्यापासून सुरुवात करा

सिव्हिलची पदविका घेतलेली, ॲग्री झालेली, भूगोलात एम. ए. केलेली मुलंमुली हल्ली एकच प्रश्न विचारतात: जलसंधारणात काम करायचंय, कुठला कोर्स करू? कोर्सची माहिती पुढे देतो आहे. पण माझं ठाम मत आहे की कोर्सच्या आधी एखाद्या गावाचं पाणी वर्षभर स्वतः मोजावं. एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत ज्याने विहिरींच्या नोंदी घेतल्या आहेत, त्याला वर्गात शिकवलेलं लगेच कळतं. ज्याने घेतल्या नाहीत तो बंधाऱ्यांची नावं पाठ करून बाहेर पडतो आणि पहिल्याच गावात अडखळतो.

हा लेख महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण पट्ट्यापुरता आहे: माण-खटाव, आटपाडी-जत, सांगोला, पुरंदर-बारामतीचा जिराईत भाग, नगर-बीडचं पठार, धाराशिव-लातूर. राजस्थानच्या वाळवंटातले किंवा गुजरातच्या गाळाच्या मैदानातले नियम इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. कारण आपल्या पायाखाली बेसॉल्ट आहे.

पहिली पायरी: पाऊस आणि खडक ओळखा

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यात माण-खटावला पाचशेच्या आसपास. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत हे असंच आहे आणि असंच राहणार आहे. सरासरीच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे तो पाऊस किती दिवसांत पडला आणि मधला खंड किती लांबला. दोन तासांत ७० मिमी कोसळला तर बराचसा ओघळीने निघून जातो. तेवढाच पाऊस आठवडाभर रिमझिम पडला तर जमिनीत मुरतो. म्हणून वार्षिक बेरजेवर विसंबून कुठलाही आराखडा करू नका.

खडक शिकायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे न बांधलेली विहीर. उन्हाळ्यात, पाणी तळाला गेलेलं असताना, मालकाला विचारून काठावर बसा आणि आतली भिंत वरून खाली नीट बघत जा. वर माती, तिच्याखाली मुरूम, मग भेगाळलेला खडक, त्याखाली कुठे मांजऱ्या (भोकाभोकांचा खडक), कुठे एकसंध काळा पाषाण. दोन थरांच्या मधे कधी लाल गेरूचा पट्टा दिसतो. ओल कुठे आहे, झरा कुठल्या बाजूने आणि किती फुटांवरून येतो, शेवाळाची रेघ कुठवर आहे, हे वहीत काढून घ्या. मग तीनशे फुटांवरच्या दुसऱ्या विहिरीचं असंच चित्र काढा. दहा-पंधरा विहिरी झाल्या की गावाच्या पोटात पाणी कुठल्या थरात साठतं आणि तो थर शिवारात कुठवर पसरला आहे, याचा अंदाज यायला लागतो. भूजलशास्त्रात ज्याला जलधर म्हणतात, तो तुम्ही डोळ्यांनी बघितलेला असतो.

आपल्या खडकात पाणी राहतं ते मुरमात, सांध्यांत आणि भेगांत. एकसंध पाषाणात जवळपास काहीच मुरत नाही. त्यामुळे एका शेतात पन्नास फुटांवर पाणी आणि शेजारच्या शेतात चारशे फुटांवर धुरळा, हे दृश्य इथे नेहमीचं.

दुसरी पायरी: चार मापं हाताखालून जाऊ द्या

पाऊस. साधं पर्जन्यमापक मोकळ्या जागी बसवा, झाड किंवा भिंत जवळ नको. नोंद रोज सकाळी साडेआठला, कारण हवामान खात्याची नोंदही त्याच वेळेची असते आणि तुमचा आकडा महसूल मंडळाच्या आकड्याशी ताडता येतो. पाऊस पडला नाही त्या दिवशी शून्य लिहायचं. रकाना मोकळा सोडला की पाऊस नव्हता की नोंद राहिली, हे सहा महिन्यांनी कुणालाच सांगता येत नाही.

विहिरीची पातळी. कठड्यावर एक ठिकाण रंगाने पक्कं करा आणि दर वेळी तिथूनच टेप सोडा. कठड्याची जमिनीपासूनची उंची त्यातून वजा करा. माप मोटार सुरू होण्याआधी घ्यायचं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरच्या सुमाराला. शिकणाऱ्याने दर महिन्याला मोजाव्यात.

उपसा. दोनशे लिटरचा ड्रम पाइपच्या तोंडाशी धरा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. ४० सेकंदांत भरला तर सेकंदाला ५ लिटर, म्हणजे तासाला १८,००० लिटर. किती एचपीची मोटार आहे यावरून पाणी ठरवू नका. पाइपची लांबी, चढ आणि व्होल्टेज यांवर बरंच काही अवलंबून असतं.

विहिरीची आवक. हे माप बहुतेक नवखे टाळतात आणि खरं तर यातच सगळ्यात जास्त शिकायला मिळतं. समजा विहिरीचा व्यास ६ मीटर आहे. मग एक मीटर खोली म्हणजे साधारण २८,००० लिटर पाणी. वरची मोटार तीन तास चालवली, म्हणजे ५४,००० लिटर उपसलं. पातळी दीड मीटर उतरली, म्हणजे विहिरीतलं पाणी कमी झालं ४२,००० लिटर. उरलेलं १२,००० लिटर त्या तीन तासांत झऱ्यातून आलं. मोटार बंद करून दर अर्ध्या तासाने पातळी मोजत राहा. विहीर पूर्ववत भरायला किती वेळ लागतो ते लिहा. हेच ऑक्टोबरमध्ये, जानेवारीत आणि मार्चमध्ये करा. तीन आलेख शेजारी शेजारी ठेवले की त्या शेतकऱ्याने रब्बीत किती क्षेत्र धरावं, हे त्याला तुम्ही छातीठोकपणे सांगू शकता.

समपातळीच्या रेषा काढायला डंपी लेव्हल (सर्वेक्षणाची दुर्बीण) लागतेच असं नाही. दोन सारख्या लांबीच्या काठ्या, मधे आडवी पट्टी, वरून ओळंबा, झाली ए-फ्रेम. वापरण्याआधी ती जुळवावी लागते: दोन खुंट्यांवर पाय ठेवा, दोरा पट्टीवर जिथे टेकतो तिथे खूण करा, मग पायांची अदलाबदल करून दुसरी खूण करा. दोन्ही खुणांचा मध्य म्हणजे समपातळी. नळीच्या पातळीनेही हेच काम होतं. गावातली दहावी झालेली पोरं हे अर्ध्या दिवसात शिकतात.

तिसरी पायरी: नकाशा घेऊन शिवार पालथं घाला

भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा आणि गावाचा गट नंबरांचा नकाशा, दोन्ही सोबत हवेत. गुगल अर्थ आणि क्यूजीआयएस शिकून घ्या. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यावर पाणलोटाची, म्हणजे एका नाल्याला पाणी देणाऱ्या सगळ्या रानाची, हद्द काढता येते. मात्र संगणकावर काढलेली हद्द जमिनीवर चालून तपासल्याशिवाय मान्य करू नका. रस्त्याचा भराव, जुना पाझर तलाव, कुणी नांगरून मोडलेला बांध, यांनी पाण्याची वाट बदललेली असते.

इथे एक गोष्ट लवकर ध्यानात येते: गावाची शीव आणि पाणलोटाची हद्द जुळत नाही. एकाच गावाचं पाणी दोन-तीन नाल्यांना वाटलं गेलेलं असतं आणि माथ्याचं रान शेजारच्या गावाच्या हद्दीत असतं. अनुदान गावाला मिळतं, पाणी मात्र उताराने जातं. या विसंगतीशी तुमची नोकरीभर गाठ पडणार आहे.

शिवारफेरीला गावातल्या जाणत्या माणसांना बरोबर घ्या. बहात्तरच्या दुष्काळात कुठली विहीर आटली नाही, जुना झरा कुठे होता, कुठल्या रानात चिबड होतं (पाणी साचून राहायचं), हे त्यांना ठाऊक असतं. पाणी भरणाऱ्या बायकांना तर हातपंप कुठल्या महिन्यात कोरडा पडतो हे तारखेसकट सांगता येतं. ही माहिती कुठल्याही पोर्टलवर नाही.

चौथी पायरी: पाण्याचा ताळेबंद

आता हिशेब. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर, अर्थात १०,००० लिटर. एवढं पाठ असलं की बाकी सगळं पाचवीच्या गणिताने जमतं. सरकारी कागदांत टीसीएम हे एकक दिसेल. एक टीसीएम म्हणजे १,००० घनमीटर.

समजा गावाचं क्षेत्र १,००० हेक्टर आणि पाऊस ४५० मिमी. गावावर पडलेलं एकूण पाणी ४५ लाख घनमीटर, म्हणजे ४,५०० टीसीएम. हा आकडा ऐकून ग्रामसभा खूश होते. पण यातलं बहुतेक पाणी पिकं, गवत, झाडं आणि ऊन घेऊन जातं, काही नाल्याने वाहतं. भूजल मोजण्याच्या केंद्रीय पद्धतीत झिजलेल्या बेसॉल्टसाठी साधारण ७ टक्के आणि भोकांच्या, सांधे असलेल्या बेसॉल्टसाठी १३ टक्के पाऊस मुरतो असं धरतात. आपण ७ टक्के घेऊ: ३,१५,००० घनमीटर. हे सगळं उपसायचं नसतं. उपसा मुरलेल्या पाण्याच्या ७० टक्क्यांच्या आत राहिला तरच पाणलोट सुरक्षित गणला जातो. म्हणजे हाती आले २,२०,५०० घनमीटर.

गावात २,००० माणसं, माणशी दिवसाला ५५ लिटर: वर्षाचे सुमारे ४०,००० घनमीटर. हजार मोठी जनावरं, प्रत्येकी ५० लिटर: सुमारे १८,००० घनमीटर. शेतीला उरले एक लाख साठ हजारांच्या आसपास. पाटाने भिजवलेल्या उसाला हेक्टरी २०,००० घनमीटर धरलं तर एवढ्यात जेमतेम ८ हेक्टर ऊस होतो. हरभऱ्याला हेक्टरी २,५०० धरलं तर ६४ हेक्टर हरभरा निघतो. हजार हेक्टरांच्या गावात आठ हेक्टर! हे गणित फळ्यावर, गावासमोर, गावाच्याच आकड्यांनी मांडा. प्रवचनाची गरज उरत नाही.

दोन चुका टाळा. बंधाऱ्यात साठलेलं पाणी पुढे विहिरींत मुरतं. ते एकदा पृष्ठजल म्हणून आणि पुन्हा भूजल म्हणून मोजू नका. आणि वरच्या गावाने नाल्यात अडवलेलं पाणी खालच्या गावाच्या तलावात येणार नसतं, हेही त्याच ताळेबंदात लिहा.

नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने गेली वीस वर्षं हेच केलं आहे. पावसाळा संपला की पाणी मोजायचं, ग्रामसभेत मांडायचं, पिण्याचं आणि जनावरांचं बाजूला काढायचं आणि उरलेल्यावर पिकं ठरवायची. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही. लोक तिथे जाऊन बंधारे बघून येतात. तुम्ही गेलात तर पावसाच्या नोंदी आणि ताळेबंदाचा फलक आधी बघा.

पाचवी पायरी: उपचार शिका, पण क्रमाने

माथा ते पायथा हा क्रम मोडायचा नाही. माथ्यावर सलग समतल चर, गवत आणि झाडं. मधल्या उतारावर बांधबंदिस्ती. ओघळीत दगडी बांध आणि गॅबियन (तारेच्या जाळीत बांधलेले दगड). मग माती नाला बांध, सिमेंट बंधारा, पाझर तलाव. वर काही न करता खाली बंधारा बांधला तर दोन-चार पावसाळ्यांत तो गाळाने भरतो.

चराचं गणित करून बघा. ६० सेंमी रुंद आणि ३० सेंमी खोल चराच्या एका मीटरमध्ये १८० लिटर पाणी मावतं. चर पाच-पाच मीटरवर घेतले तर हेक्टरी २,००० मीटर लांबी होते, म्हणजे एका भरण्यात ३६० घनमीटर. त्या हेक्टरवरच्या ३६ मिमी पावसाइतकं. असं मोजलं की मोठ्या यंत्राच्या झगमगाटापेक्षा टेकडीवरच्या साध्या चरांचा वाटा दिसायला लागतो.

नाला खोलीकरणाबद्दल स्पष्ट बोलतो. गाळ काढणं वेगळं आणि खडकात शिरणं वेगळं. नाला पाषाणापर्यंत नेला तर पाणी नुसतं उभं राहतं. आपल्याकडचं ऊन वर्षाला दीड-दोन मीटरचा थर उडवून नेतं. आणि पाणी धरणारा मुरमाचा थरच कापला गेला तर शेजारच्या विहिरींतलं पाणी नाल्यात उतरतं. म्हणून विहिरींच्या भिंती आधी वाचायच्या. प्लॅस्टिक अस्तराची शेततळी बोअरच्या पाण्याने भरण्याच्या प्रकाराला तर जलसंधारण म्हणणंच चूक आहे. सगळ्यांचं सावलीतलं पाणी एकाच्या शेतात उन्हात आणून ठेवणं, एवढंच ते काम.

प्रशिक्षण कुठे घ्यायचं

शासनाची मुख्य संस्था म्हणजे छत्रपती संभाजीनगरची जल व भूमी व्यवस्थापन संस्था, सगळ्यांच्या तोंडी वाल्मी. स्थापना १९८०. तिथे प्रामुख्याने जलसंपदा, कृषी, जलसंधारण या खात्यांचे अधिकारी आणि पाणी वापर संस्थांचे पदाधिकारी शिकतात. कालव्याच्या पाण्याचं व्यवस्थापन शिकायचं तर याला पर्याय नाही. नाशिकची मेरी (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) धरणं, माती आणि जलविज्ञान यांच्या संशोधनाकडे झुकलेली आहे.

पाणलोटाचं प्रत्यक्ष काम शिकायचं असेल तर वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्टकडे बघा. १९९३ पासून ही संस्था काम करते आणि संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीत तिचं प्रशिक्षण केंद्र आहे. उघड्या टेकड्यांवर काम करून फिरलेला पाणलोट समोरच दिसतो, हा तिथला मोठा फायदा. भूजलासाठी पुण्याची ॲक्वाडॅम ही संस्था. भूगर्भशास्त्र न शिकलेल्या कार्यकर्त्यांनाही खडक आणि जलधर समजावून देण्यात तिचा हातखंडा आहे. माझ्या मते अभियंत्यांनी तर हे शिक्षण घ्यायलाच हवं, कारण सिव्हिलच्या अभ्यासक्रमात भूजल फार थोडं येतं.

पदवी-पदव्युत्तर वाट धरायची असेल तर राहुरी, अकोला आणि परभणीच्या कृषी विद्यापीठांत कृषी अभियांत्रिकीत मृद व जलसंधारणाचा विषय आहे. आयआयटी मुंबईच्या सितारा या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या केंद्राने पोकरा (नानाजी देशमुख कृषी संजीवनी) प्रकल्पासाठी गावपातळीवरच्या ताळेबंदाचं काम केलं आहे. गणित आणि गाव दोन्हींची आवड असलेल्यांसाठी ती चांगली जागा. भूजल यंत्रणेत जायचं असेल तर भूगर्भशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते, आणि जलसंधारण अधिकारी पदाला स्थापत्यची पदविका किंवा पदवी. जाहिरातीतली अट शब्दशः वाचून मगच फी भरा.

कुठलाही कोर्स निवडताना एकच चौकशी करा: शिवारात किती दिवस आणि वर्गात किती? निम्म्याहून जास्त वेळ प्रोजेक्टरसमोर जाणार असेल तर ते पैसे टेप, पर्जन्यमापक आणि एसटीच्या तिकिटांवर घाला.

कायदा आणि माणसं

अवर्षणाच्या भागात पाणी अडवणं हे काम तुलनेने सोपं. वाटपात खरी कसोटी लागते. यासाठी तीन कायदे वाचून ठेवा: २००५ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा, त्याच वर्षीचा सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन हा, आणि २००९ चा भूजल अधिनियम. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोताजवळ विहीर-बोअर घेण्यावर बंधन आहे, हे गावात अनेकांना माहीत नसतं.

आणि दोन प्रयोग जाऊन अभ्यासा. पहिला, पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी बहात्तरच्या दुष्काळानंतर उभी केलेली पाणी पंचायत. पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरता घरातल्या माणसांवर ठरला: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनांचाही हक्क, आणि ऊस वर्ज्य. दुसरा, दिंडोरीचा वाघाड प्रकल्प, जिथे २४ पाणी वापर संस्था मिळून संपूर्ण धरणाचं पाणी घनमापनाने, म्हणजे प्रत्यक्ष मोजून, वाटून घेतात. धुळ्याकडे गेलात तर पांझरा नदीवरची जुनी फड पद्धतही बघा (फड म्हणजे एकत्र भिजवायचा शेतांचा गट). पाणी सोडणारा पाटकरी, पाळी, फडाचं एकच पीक, ही सगळी शिस्त तिथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या स्वतः चालवली.

गावात बोलायची रीतही शिकावी लागते. चौथं बोअर पाडणाऱ्या माणसाला "तुमचं चुकतंय" म्हटलं की संवाद तिथेच संपतो. "तात्या, मार्चात तुमची विहीर किती वेळ चालते? आणि पाच वर्षांपूर्वी?" असं विचारा. उत्तर देता देता ते स्वतःच हिशेबाला बसतात. विहिरीची जागा सांगणाऱ्या पाणाड्यालाही मान द्या. तो कुठल्या झाडाझुडपांवरून, कुठल्या रानाच्या रचनेवरून जागा सांगतो ते ऐका आणि तुमच्या विहिरींच्या चित्रांशी ताडून बघा. ग्रामसभेत पुढच्या रांगेत बसलेले बागाईतदारच बोलत असतील तर पाण्याचा हंडा वाहणाऱ्या मावशींच्या वस्तीवर वेगळी बैठक घ्या. ताळेबंदात पिण्याचं पाणी आधी वजा करायचं असतं आणि ते किती लागतं हे त्या सांगतात.

पहिली नोकरी घेताना

संस्था, प्रकल्प, कंपन्यांच्या सामाजिक निधीतून चालणारी कामं, सरकारी कंत्राटी पदं, असे बरेच दरवाजे आहेत. मुलाखतीला जाताना प्रमाणपत्रांसोबत तुमची वर्षभराच्या नोंदींची वही, विहिरींची चित्रं आणि एका गावाचा ताळेबंद न्या. आणि तुम्हीही त्यांना विचारा: कामाआधीच्या विहिरींच्या नोंदी आहेत का? काम झाल्यावर किती वर्षं मोजता? मोजमाप पुस्तिकेवर सही करण्याआधी जागेवर जाऊन माप घ्यायला वेळ आणि गाडी मिळते का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "बघू" असं आलं, तर दुसरीकडे अर्ज करा.

हे सगळं सुरू करायला मे महिना उत्तम. विहिरी तळाला असतात, खडक दिसतो आणि पर्जन्यमापक बसवायला पावसाआधी दोन-तीन आठवडे मिळतात.